मोठा बक फक्त रात्रीच कॅमेऱ्यात येतो, दिवसा कुठे असतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकेत नैऋत्य विस्कॉन्सिनमधे ओळखीच्या शेतकऱ्याच्या चाळीस एकरांवर शिकारीची परवानगी मिळालीय, मक्याच्या शेताच्या कडेला जनावर समोर आलं की आपोआप फोटो काढणारा ट्रेल कॅमेरा लावलाय, आणि त्यात शिंगांना दहा टोकं असलेला एक जबरदस्त व्हाइटटेल नर (पांढऱ्या शेपटीच्या हरणाचा बक) ऑक्टोबरच्या सुरुवातीपासून येतोय, पण सगळे फोटो रात्री साडेनऊ ते पहाटे चार यामधले. तीन वीकेंड क्रॉसबो (चाप असलेलं आडवं धनुष्य) घेऊन त्याच कडेला ट्रीस्टँडवर, म्हणजे झाडावरच्या मचाणावर, बसलात, माद्या दिसल्या, दोन लहान नर दिसले, तो काही आला नाही. आता विचारताय की मादीच्या लघवीची बाटली, ग्रंट कॉल (नराच्या हुंकारासारखा आवाज काढणारी शिट्टी) की अजून दोन कॅमेरे, यातलं काय घेऊ, आणि एच-वन या कामाच्या व्हिसावर असताना पुढच्या वर्षी रायफल घेता येईल का.

मी २००४ पासून याच भागात व्हाइटटेलच्या मागे आहे, आधी बंदूक आणि मग मुख्यतः धनुष्य. माझं प्रामाणिक मत, यातलं आत्ता काहीच घेऊ नका. तुमची अडचण सामानाची नाहीये, जागेची आहे. लोक म्हणतात की नर निशाचर झाला, पण असं काही नसतं. हा रवंथ करणारा प्राणी, दिवसभरात किती तरी वेळा उठतो, आळस देतो, जवळची पानं ओकची फळं खातो आणि परत बसतो. फक्त हे सगळं तो आपल्या बेडच्या, म्हणजे दिवसा बसायच्या जागेच्या, आसपास करतो, आणि तुमच्या शेताच्या कडेला पोहोचेपर्यंत अंधार पडलेला असतो. म्हणजे तो दिवसा उठतोच, तुम्ही मात्र त्याच्या रात्रीच्या जागेवर दिवसा बसताय. खरा प्रश्न हा की उजेड असताना तो कुठे असतो, आणि त्याला न कळता तुम्ही तिथे किती जवळ जाऊ शकता.

आधी हे सांगतो की बरंच काही तुमच्या परिस्थितीवर आहे. चाळीस एकर म्हणजे नराच्या हिशोबात फार छोटी जागा, त्याचा वावर साधारण चौरस मैलभर असतो आणि माजाच्या काळात त्याहून खूप जास्त. तेव्हा तो दिवसा तुमच्या जमिनीवर राहतच नसेल, शेजाऱ्याकडे झोपत असेल, हे अगदी शक्य आहे. शेजारी किती जण शिकार करतात, मका अजून उभा आहे की काढला, हेही महत्त्वाचं. उभ्या मक्यात मोठे नर दिवसभर बसून राहतात, खाणं तिथेच आणि लपणंही तिथेच, आणि ज्या दिवशी कम्बाइन फिरतो त्या दिवशी सगळं चित्र बदलतं. शेतकऱ्याला फोन करून मका कधी काढणार एवढं विचारा, शंभर डॉलरच्या कॅमेऱ्यापेक्षा ही माहिती जास्त कामाची आहे.

आता जे फोटो आहेत तेच नीट वाचा. फोटोतल्या घड्याळापेक्षा सूर्यास्ताकडे बघा, कारण ऑक्टोबरच्या सुरुवातीला आपल्याकडे सूर्य साडेसहाच्या सुमारास मावळतो आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं मागे केली की पावणेपाचलाच, आणि बरेच कॅमेरे आपलं घड्याळ स्वतः बदलत नाहीत. साडेनऊला पहिला फोटो म्हणजे सूर्यास्तानंतर तीन तास. म्हणजे एकतर बेड लांब आहे, नाहीतर तो शेतापासून शंभर दीडशे यार्ड आत दाट झाडीत थांबून पूर्ण काळोखाची वाट बघतोय. मोठे नर असे थांबतातच. संध्याकाळच्या पहिल्या फोटोत त्याचं तोंड कुठे आहे आणि पहाटेच्या शेवटच्या फोटोत कुठे आहे ते पंधरा-वीस फोटोंत लिहून काढा, दिशा आपोआप कळेल.

ती दिशा धरून आत एकदाच जायचं. दुपारी, वारा जोरात असेल किंवा रिमझिम चालू असेल तेव्हा, म्हणजे आवाजही दबतो आणि वासही धुतला जातो. आत काय बघायचं ते सांगतो. नर ज्या झाडांवर शिंगं आणि कपाळ घासतो त्याला इकडे रब म्हणतात, साल सोललेली दिसते आणि आतलं लाकूड उघडं पडलेलं असतं. मी मूळचा भंडाऱ्याकडचा, लहानपणी नवेगावच्या बाजूला सांबरानं घासलेली झाडं बघितली होती, इथे पहिल्यांदा रब दाखवला तेव्हा लगेच ओळखीचं वाटलं. मनगटाएवढ्या रोपट्यावरचा रब कुणीही केलेला असू शकतो, पण मांडीएवढ्या झाडाची साल निघालेली असेल तर तिथे मोठ्या नराचीच शक्यता जास्त. आणि साल खोडाच्या कुठल्या बाजूची निघालीय ते बघा. बहुतेक वेळा ज्या बाजूनं तो आला तीच बाजू घासलेली असते. शेताकडची बाजू सोललेली असेल तर तो सकाळी शेतातून परतताना घासतोय, टेकडीकडची असेल तर संध्याकाळी उतरताना. असे चार-पाच रब एका ओळीत सापडले की ती त्याची वाट समजा.

खुरांच्या ठशांवरून नर की मादी हे खात्रीनं सांगता येत नाही, कुणी छातीठोक सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. चिखलात मोठे, रुंद, खोल ठसे आणि मागे वरच्या दोन छोट्या खुरांच्या टिकल्या उमटलेल्या, आणि ठसे एकट्याचेच, मागेपुढे छोटे ठसे नाहीत, एवढं जुळलं तर नर असावा म्हणायचं. मेन आणि व्हरमाँटकडे पहिल्या बर्फात असा माग धरून दिवसभर चालणारे शिकारी आहेत, पण तिथे जंगलं अफाट आहेत. आपल्याकडे ताजा माग अर्ध्या तासात शेजाऱ्याच्या कुंपणापाशी जाऊन पोहोचतो, तेव्हा इथे माग चालायला कमी आणि वाचायला जास्त उपयोगी पडतो.

आपला हा जो ड्रिफ्टलेस भाग आहे, हिमनद्यांनी सपाट न केलेला, डोंगरसोंडा आणि मधल्या अरुंद दऱ्या, इथे मोठा नर कुठे बसतो याचा ठोकताळा बराच पक्का आहे. सोंडेच्या टोकाला, माथ्यापासून वरच्या तिसऱ्या हिश्श्यात, वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूला. पाठीमागून माथ्यावरून येणारा वारा त्याला मागची बातमी देतो, खालची दरी डोळ्यांनी दिसते, आणि ऊन चढलं की दरीतली हवा वर चढते तीही त्याच्या नाकात जाते. तीन बाजू सांभाळल्या, चौथीकडून जाणं आपल्याला जवळजवळ अशक्य. पानांत लांबट अंडाकृती दबलेली एकच मोठी जागा आणि आजूबाजूला रब दिसले की तो बेड. चार-पाच लहानमोठ्या जागा शेजारी शेजारी असतील तर तो माद्यांचा आणि पाडसांचा अड्डा. तोही लक्षात ठेवा, नोव्हेंबरमधे तोच कामाला येणार आहे. बेडपासून शंभर यार्डांच्या आत मात्र सीझन चालू असताना पाऊल टाकू नका, ते काम फेब्रुवारी-मार्चमधे बर्फ वितळल्यावर करायचं, तेव्हा मागच्या वर्षीचे रब, वाटा सगळं उघडं दिसतं आणि शिंगंही गळून पडलेली सापडतात.

आता वारा. माझ्या मते नव्वद टक्के मोठे नर आपल्याला दिसायच्या आधी वासावरूनच निघून जातात आणि आपल्याला ते कधी कळतही नाही. फोनवरच्या ॲपमधे वायव्येचा वारा दाखवतो, पण दरीत तो तसाच वाहत नाही. यासाठी मी मिल्कवीडची बोंडं खिशात ठेवतो. हे आपल्या रुईच्या कुळातलं झाड, बोंड फोडलं की रुईसारख्याच रेशमी म्हाताऱ्या निघतात. स्टँडवर बसून दर वीस मिनिटांनी एक म्हातारी सोडायची आणि नजर जाईल तिथपर्यंत बघत राहायचं. वारा बघायची पावडर दोन फुटांवर विरून जाते, म्हातारी ऐंशी यार्ड दिसते. दुपारी चार वाजता ती सरळ वाऱ्याबरोबर माथ्याकडे जाईल, आणि सूर्य कलला, हवा गार झाली की तीच म्हातारी आधी जागेवर घुटमळेल, मग हळूच वळून उताराला लागेल आणि ओढ्याकडे पाण्यासारखी वाहत जाईल. तुमचा वासही अगदी तसाच वाहतो. माझ्या एका आवडत्या स्टँडवर दोन वर्षं मी संध्याकाळी बसत होतो आणि शेवटच्या अर्ध्या तासात खालून फुत्कार ऐकू यायचा, मादी पाय आपटून पळायची, का ते म्हातारी सोडून बघितल्यावर समजलं. तो स्टँड मी आता फक्त सकाळी, ऊन चढल्यावरच वापरतो.

तुमच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त खटकलं ते हे की तुम्ही पहाटे अंधारात शेत ओलांडून स्टँडवर जाता. त्या वेळी हरणं शेतातच असतात. तुम्ही त्यांना उठवताय, आणि मोठा नर तिथे असेल तर तुम्ही बसायच्या आधीच त्याचा निकाल लागलेला असतो. सकाळी शेतावर बसणं बंदच करा. संध्याकाळी जाताना ओढ्याच्या पात्रातून, रबरी बुटांत, नाहीतर बांधाच्या आडून जा. आणि उतरताना शेतात हरणं असतील तर तसेच उतरू नका, शेतकऱ्याला मेसेज करा की पिकअप घेऊन एक चक्कर मार. गाडीची त्यांना सवय असते, गाडीमुळे पांगली तरी उद्या परत येतात. झाडावरून माणूस उतरताना बघितला की ती जागा महिनाभर गेली. एका स्टँडवर वारा योग्य असेल तेव्हाच, आणि सीझनमधे तीन-चार वेळांपेक्षा जास्त नाही. तीन वीकेंड ओळीनं तिथेच बसलात तेव्हा ती जागा काही दिवस सोडून द्या.

कॅलेंडर तुमच्या बाजूनं आहे. माज दिवसाच्या लांबीवर ठरतो, थंडीवर नाही, त्यामुळे आपल्याकडे दरवर्षी त्याच सुमारास येतो. ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा ते नोव्हेंबरची दहा-बारा तारीख हा माझा सगळ्यात आवडता काळ, बहुतेक माद्या अजून तयार नसतात आणि नर उजेडी शोधत फिरतात, माद्यांच्या त्या अड्ड्यांच्या वाऱ्याखालच्या बाजूनं नाक वर करून. तिथे बसा, आणि डबा घेऊन दिवसभर बसा, अकरा ते दोन या वेळेत मी चांगले नर बघितलेत जेव्हा बाकीचे शिकारी जेवायला घरी गेलेले असतात. मग मादी माजावर आली की नर तिच्याबरोबर एक-दोन दिवस कुठेतरी दडून राहतो आणि जंगल रिकामं वाटतं, तेव्हा निराश होऊ नका. स्क्रेप म्हणजे फांदीखाली खुरानं उकरलेली जागा, दिसायला फार मोहक, पण तिथल्या भेटी बहुतांशी रात्रीच्या, कॅमेरा लावायला उत्तम आणि बसायला बेताची. ग्रंट कॉल खिशात असू दे, पण नर दिसतोय आणि दुसरीकडे चाललाय तेव्हाच हळू वाजवा. लघवीची बाटली मी वापरत नाही, सीडब्ल्यूडी या हरणांच्या रोगामुळे काही राज्यांत खऱ्या लघवीवर बंदीच आहे.

थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरचा चौथा गुरुवार) आधीच्या शनिवारपासून नऊ दिवस बंदुकीचा सीझन, त्यात धनुष्य घेऊन गेलात तरी भडक केशरी किंवा गुलाबी कपडे लागतातच. हरणाला केशरी रंग आपल्यासारखा दिसत नाही, त्याची काळजी नको, हालचाल मात्र लगेच दिसते. आणि ट्रीस्टँडवर जमिनीपासून चढायला सुरुवात केल्यापासून परत खाली येईपर्यंत पूर्ण हार्नेस दोरीला अडकवलेला पाहिजे. पहाटेच्या दवात पायरी निसटायला एक सेकंद लागतो.

ट्रॉफीबद्दल विचारलं नाहीत, पण दहा टोकं हे तुम्ही ज्या उत्साहानं लिहिलंय त्यावरून सांगतो. टोकं मोजून काही कळत नाही. धनुष्यवाल्यांचा पोप अँड यंग क्लब साध्या ठेवणीच्या शिंगांना मापाच्या १२५ गुणांपासून नोंद देतो, बून अँड क्रॉकेटच्या कायम यादीला १७० लागतात, आणि मोजणी शिंगं साठ दिवस सुकल्यावर होते. आपल्याच राज्यात डॅनबरीला जेम्स जॉर्डननं १९१४ मधे मारलेला नर २०६ आणि एक अष्टमांश भरला होता, पण त्यानं डोकं भुसा भरायला दिलं ते त्याला परत मिळालंच नाही, आणि विक्रम त्याच्या नावावर चढायला १९७८ उजाडलं, तोपर्यंत तो वारलेला होता. मला विचाराल तर आकड्यापेक्षा वय बघा. नराचं शरीर वाढून पूर्ण झालं की मगच शिंगांना पूर्ण ताकद मिळते, साधारण पाच ते सात वर्षांत ती सगळ्यात मोठी असतात. दीड वर्षाचा नर लांब पायांचा, बारीक मानेचा, शिंगं लावलेल्या मादीसारखा. साडेतीनचा भरलेला, पण मान कुठे संपते आणि खांदा कुठे सुरू होतो ते दिसतं. पाचच्या पुढचा असेल तर मान सरळ छातीत उतरलेली, पोट खाली आलेलं, त्यामुळे पाय आखूड वाटतात. तुमचा नर साडेतीनचा निघाला तर सोडायचा की नाही हे सर्वस्वी तुमचं, टॅग (हरीण मारायची परवानगी-चिठ्ठी) तुमचा आहे.

आता ज्या भागावर सगळे घाई करतात तो, बाण सुटल्यानंतरचा. नर आडवा उभा असेल किंवा किंचित पाठ करून असेल तेव्हाच सोडायचा, पुढच्या पायाच्या लगेच मागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्याच्या वर. समोरून नाही, पळताना नाही. बाण लागला की तो कसा पळाला ते डोक्यात कोरून ठेवा, शेवटचा दिसला ते झाड धरून ठेवा, आणि अर्धा तास हलू नका. मग बाण शोधा आणि नीट बघा. गुलाबी, बुडबुड्यांचं रक्त म्हणजे फुफ्फुस, तो बहुधा शंभर दीडशे यार्डांत पडलेला असतो. गडद, काळपट लाल म्हणजे यकृत, चार तास थांबा. बाणावर हिरवट तपकिरी काही असेल, नाकाजवळ नेल्यावर घाण वास आला, तर आतडं, आणि मग आठ ते बारा तास तिकडे फिरकायचंसुद्धा नाही.

हे मी २००९ च्या नोव्हेंबरमधे चुकलो. बाण चार इंच मागे लागला, नर पाठ वाकवून चालत गेला, पळाला नाही, तेव्हाच मला कळायला हवं होतं. मी चाळीस मिनिटांत उतरलो, टॉर्च घेऊन निघालो, ऐंशी यार्डांवर तो माझ्यासमोर उठला आणि दरीत उतरून गेला. तिथे पानांत बेडएवढी जागा होती, गरम, थोडं गडद रक्त. सकाळपर्यंत थांबलो असतो तर तो त्याच जागी शांत मेला असता. चौथ्या दिवशी कावळ्यांवरून सापडला, कायोटींनी (कोल्ह्यासारखे प्राणी) बरंचसं खाल्लेलं होतं. मी त्या वर्षी पुन्हा धनुष्य हातात घेतलं नाही. म्हणून सांगतो, शंका असेल तर थांबा.

माग काढताना रक्ताच्या रेषेवरून चालू नका, बाजूनं चाला. प्रत्येक चार-पाच थेंबांना टिश्यू पेपरचा तुकडा ठेवत जा, मागे वळून बघितलं की पांढऱ्या तुकड्यांची रेष त्याची दिशा दाखवते. रक्त फक्त जमिनीवर बघू नका, गुडघ्याएवढ्या गवताच्या पात्यांवर आणि झाडांच्या खोडांवरही बघा. ओकची लाल पानं फसवतात, त्यासाठी हायड्रोजन पेरॉक्साइडची छोटी फवाऱ्याची बाटली ठेवा, रक्त असेल तर फेस येतो. शेवटचा थेंब सापडला की तिथे काहीतरी बांधा, आणि मगच पुढे गोल गोल वाढवत शोधा. कुंपण आलं तर शेजाऱ्याला विचारल्याशिवाय ओलांडू नका, सीझनच्या आधीच ओळख करून ठेवलेली बरी. माग काढणारी शिकवलेली कुत्री पट्ट्यात बांधून आणणारी माणसं आहेत, त्यांचा नंबर आत्ताच फोनमधे ठेवा, पण कुत्रं बोलवायचं असेल तर आधी स्वतः सगळीकडे तुडवून ठेवू नका.

नर मिळाला की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत रजिस्टर करायचा. आणि मटण खायच्या आधी सीडब्ल्यूडीची टेस्ट. हा मेंदूचा रोग आपल्या राज्यात २००२ मधे पहिल्यांदा सापडला आणि सगळ्यात जास्त आपल्याच नैऋत्य भागात आहे. हरीण दिसायला धडधाकट असू शकतं. माणसाला झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, तरी पॉझिटिव्ह आलं तर खाऊ नये असाच सरकारी सल्ला आहे. मी रिपोर्ट येईपर्यंत मटण वेगळी चिठ्ठी लावून फ्रीझरमधे ठेवतो, घरात लहान मुलं आहेत.

रायफलचं म्हणाल तर संघराज्याच्या कायद्यानं एच-वनसारख्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर बंदूक किंवा गोळ्या बाळगता येत नाहीत, पण अपवाद आहेत आणि त्यातला एक म्हणजे अमेरिकेतल्या राज्यानं दिलेला, मुदत न संपलेला शिकारीचा परवाना. परवाना संपला की घरात ठेवलेली रायफलही अडचणीची ठरते, आणि एवढ्यावरून व्हिसा धोक्यात घालू नका, विकत घ्यायच्या आधी इमिग्रेशन वकिलाशी एकदा बोला. क्रॉसबो त्या कायद्यात बंदूक धरलेला नाही, तेव्हा यंदा निर्धास्त बसा.

म्हणजे आत्ता या आठवड्यात करायचं एवढंच: शेताच्या कडेचा स्टँड सोडा, फोटोंतल्या दिशा लिहून काढा, मका कधी काढणार ते विचारा, आणि पहिल्या पावसाळी दुपारी रबची ओळ शोधत आत जाऊन या. मग मला तीन गोष्टी कळवा, ओढा कुठल्या दिशेला वाहतो, सोंडेचं टोक तुमच्या हद्दीत येतं की शेजाऱ्याच्या, आणि माद्यांचा अड्डा सापडला का. त्यावरून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यासाठी कुठल्या वाऱ्याला कुठे बसायचं ते आपण बघू.